रिळाच्या डब्यापासून ब्लू-रेपर्यंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या चित्रपटांची रिळं दुरुस्त करायची, स्कॅन करायची आणि मग महिनोन्महिने एकेक फ्रेम साफ करत बसायचं, हा माझा धंदा. लग्नकार्यात कुणी "सध्या काय करतोस?" म्हणालं आणि मी हे सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे काळे-पांढरे सिनेमे रंगीत करतात, ते?" त्याचं उत्तर खाली येईलच. बाकीचे प्रश्नही असेच, कधी पंगतीत, कधी ट्रेनमध्ये, कधी फोनवर विचारलेले आहेत.

घरी चांगली डीव्हीडी आहे. तीच कॉम्प्युटरवर सुधारून ब्लू-रे करता येत नाही का?

डिस्क निघेल, चित्र सुधारणार नाही. आपल्याकडच्या डीव्हीडीवरची फ्रेम ७२० बाय ५७६ ठिपक्यांची, म्हणजे जेमतेम चार लाख ठिपक्यांची असते. ब्लू-रेची फ्रेम १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. मधले सोळा लाख ठिपके आणायचे कुठून? कॉम्प्युटर ते अंदाजाने भरतो. शिवाय आपल्या बऱ्याच डीव्हीडी कशा निघाल्या ते आठवा. थिएटरमधून फिरून आलेली प्रिंट, टेलिसिनेवरून (फिल्मचा व्हिडिओ करणाऱ्या यंत्रावरून) टेपवर, टेपवरून डिस्कवर, कोपऱ्यात कंपनीचा लोगो, आणि एका डिस्कवर तीन चित्रपट कोंबलेले. नदी साफ करायची तर उगमाशी जावं लागतं. आमचा उगम म्हणजे रीळ.

पण १९४० सालच्या चित्रपटात एचडीएवढा तपशील मुळात असतो का?

भरपूर असतो. ३५ एमएमच्या निगेटिव्हची पूर्ण फ्रेम ४के स्कॅनरवर घेतली की ४०९६ बाय ३११२, म्हणजे सव्वा कोटीहून जास्त ठिपके होतात आणि चांगल्या निगेटिव्हमध्ये तेवढ्यांना पुरेल असा तपशील निघतो. नऊवारीच्या काठाची वीण, भिंतीवरच्या शेणाच्या सारवणातली बोटं, सगळं दिसतं.

आपल्या आठवणीतले जुने सिनेमे धूसर आहेत ते नकलांमुळे. पुष्कळदा निगेटिव्हवरून मास्टर पॉझिटिव्ह, त्यावरून दुसरी निगेटिव्ह, तिच्यावरून थिएटरची प्रिंट. प्रत्येक पायरीला चित्र थोडं मऊ होतं. मग ती प्रिंट शे-दोनशे वेळा मशीनमधून फिरली की पडद्यावर 'पाऊस' पडायला लागायचा. दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी आपण जे पाहिलं ते या साखळीचं शेवटचं टोक होतं.

मग मूळ निगेटिव्ह घ्यायची आणि स्कॅन करायची. एवढी वर्षं कशाला लागतात?

कारण निगेटिव्ह सापडत नाही. सापडली तर धड नसते. या कामातला निम्मा वेळ शोधात जातो, आणि लोकांना नेमकं हेच माहीत नसतं.

१९५० च्या सुमारापर्यंतच्या फिल्म नायट्रेटच्या होत्या. नायट्रेट पेटलं की विझत नाही. त्याच्या आतच प्राणवायू असतो, त्यामुळे पाण्यात बुडवलं तरी ते जळत राहतं. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातली मूळ रिळं गेली. इन्स्टिट्यूटचं आवार म्हणजेच जुना प्रभात स्टुडिओ. ज्या जागेत ते चित्रपट तयार झाले तिथेच ते जळले. बऱ्याच चित्रपटांच्या सुरक्षित फिल्मवर काढलेल्या नकला आधीच झाल्या होत्या, म्हणून ते आज पाहता तरी येतात.

न जळलेली रिळं माणसांनी संपवली. फिल्मच्या इमल्शनमध्ये, म्हणजे चित्र धरणाऱ्या थरात, चांदी असते. सिनेमा चालून झाला, डबे गोदामात जागा अडवायला लागले, की ते किलोच्या भावाने विकले जायचे. चांदी धुऊन काढायची, उरलेल्या प्लास्टिकच्या बांगड्या करायच्या. १९३१ सालच्या 'आलम आरा'ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रिंट आज शिल्लक नाही.

आणखी एक उलटा न्याय आहे. आपल्याकडे खूप चाललेल्या चित्रपटांच्या प्रिंटा बऱ्याचदा थेट मूळ निगेटिव्हवरूनच काढल्या जात, मधली नक्कल करायचा खर्च वाचवून. चित्रपट जितका जास्त चालला तितकी निगेटिव्ह झिजली. पडलेल्या सिनेमाची निगेटिव्ह मात्र डब्यात नव्या नवरीसारखी बसलेली असते.

व्हिनेगर सिंड्रोम म्हणजे काय?

नायट्रेटनंतर जी 'सेफ्टी' फिल्म आली ती ॲसिटेटची. सहजासहजी पेटत नाही, पण कुजते. उष्णता आणि दमट हवा मिळाली की तिच्यातून ॲसिटिक ॲसिड सुटायला लागतं, म्हणजे व्हिनेगरच. फिल्म आकसते, वाकडी होते, शेवटी इमल्शन सुटून येतं. आणि हे संसर्गासारखं पसरतं. एका डब्यातली वाफ शेजारच्या डब्यातल्या कुजण्याला वेग देते. मुंबईच्या हवेत बिनएसीच्या खोलीत ठेवलेल्या रिळाचं काय होत असेल याची कल्पना करा. डब्यात ठेवायच्या खास कागदी पट्ट्या मिळतात. निळी पट्टी हिरवी झाली तर कुजायला सुरुवात झालीये, पिवळी झाली तर घाई करा.

निगेटिव्ह जळली असेल तर सगळं संपलंच ना?

मीही असंच समजायचो. मग सत्यजित राय यांच्या अपूच्या तीन चित्रपटांचं काम पाहिलं.

१९९३ च्या जुलैमध्ये लंडनच्या हेंडरसन लॅबमध्ये आग लागली. राय यांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह तिथे होत्या. काही भागांची राख झाली, उरलेली फिल्म कडांना वितळलेली, पापडासारखी ठिसूळ. त्या वेळी असं काही दुरुस्त करायचं तंत्रच नव्हतं. कुणीही ते अवशेष फेकून दिले असते. ऑस्करवाल्या अकॅडमीच्या फिल्म अर्काइव्हने ते वीस वर्षं जपून ठेवले. २०१३ मध्ये क्रायटेरियन या चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या कंपनीने अकॅडमीबरोबर काम सुरू केलं आणि ती रिळं इटलीत, बोलोन्याच्या 'लिमाजिने रित्रोवाता' या प्रयोगशाळेत गेली.

तिथे आधी त्या ठिसूळ फिल्ममध्ये ओलावा परत आणला, म्हणजे ती उलगडताना मोडणार नाही. मग चिकटलेला डिंक आणि वितळलेली टेप हाताने खरवडली. कडेची भोकं, ज्यांच्यात दात अडकून फिल्म पुढे सरकते, ती जिथे जळाली होती तिथे हाताने नवी बसवली. नुसत्या हातकामाचे जवळजवळ हजार तास. एवढं करून 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हवरून स्कॅन झाला. राहिलेल्या भागासाठी आणि अख्ख्या 'अपुर संसार'साठी वेगवेगळ्या संग्रहांतल्या मास्टर पॉझिटिव्ह आणि नक्कल केलेल्या निगेटिव्ह वापरल्या. २०१५ मध्ये त्याची ब्लू-रे आली.

ती लावून पाहा. दुर्गा आणि अपू काश गवताच्या रानातून आगगाडी बघायला धावतात, तिथे एकेक तुरा वेगळा दिसतो. कुठला शॉट जळक्या निगेटिव्हवरचा आणि कुठला नकलेवरचा, हे ओळखायचा मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा चुकलो.

रीळ तुमच्याकडे आल्यावर पहिल्या दिवशी काय करता?

डबा उघडतो आणि वास घेतो. खरंच. आंबट वास आला तर तो डबा वेगळ्या खोलीत.

मग रीळ टेबलावर हाताने, अगदी सावकाश फिरवायचं. पांढरे सुती हातमोजे घालून दोन बोटांत कड धरली की डोळ्यांआधी बोटांना कळतं : इथे भोक फाटलंय, इथे जुना जोड सुटतोय. कुठे कुणा ऑपरेटरने घाईत साध्या चिकटपट्टीने सांधलेलं असतं, तिचा गोंद पिवळा होऊन फ्रेमभर पसरलेला. प्रत्येक जोड उघडायचा, पुसायचा, नव्याने घालायचा. एका रिळात असे सत्तर जोड मी मोजलेत.

दुसरं काम लांबी मोजायचं. इथे सेन्सॉर सर्टिफिकेट फार उपयोगी पडतं. चित्रपटाआधी तो कागद झळकतो, आपण त्याकडे दुर्लक्ष करतो, पण त्यावर किती रिळं आणि किती लांबी हे लिहिलेलं असतं. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला साधारण साडेसत्तावीस मीटर पळते. सर्टिफिकेटवर ४,००० मीटर असेल तर चित्रपट १४६ मिनिटांच्या आसपास हवा. हातात १३२ मिनिटांचीच रिळं असतील तर चौदा मिनिटं कुठेतरी गेली आहेत, आणि बहुतेक वेळा त्यात दोन गाणी असतात. हौशी ऑपरेटर आवडती गाणी कापून ठेवत. मग दुसरी प्रिंट शोधायची.

स्कॅनिंगला किती जागा लागते?

४केची एक फ्रेम पन्नास एमबीच्या आसपास. सेकंदाला २४ फ्रेम. अडीच तासांच्या चित्रपटाच्या २,१६,००० फ्रेम होतात, म्हणजे जवळजवळ अकरा टीबी. आणि हे फक्त कच्चं स्कॅन.

ओरखडे जास्त असतील तर 'वेट गेट'मधून स्कॅन करतात. फिल्म एका द्रवातून जाते, त्या द्रवातून प्रकाश जवळजवळ फिल्मच्या प्लास्टिकसारखाच वळतो. ओरखड्याच्या खाचेत द्रव भरला की ओरखडा दिसेनासा होतो. खरचटलेल्या काचेवर पाणी ओतल्यावर होतं तसंच. प्लास्टिकच्या बाजूचा ओरखडा असा जातो. इमल्शनच खरवडलं असेल तर तिथलं चित्रच गेलेलं असतं, द्रव काय करणार?

धूळ आणि ओरखडे कॉम्प्युटर आपोआप काढतो ना?

रंगीत चित्रपटांत बऱ्यापैकी. स्कॅनर इन्फ्रारेड प्रकाशात एक जादा फोटो घेतो. त्या प्रकाशात रंग पारदर्शक होतात आणि फक्त धूळ-ओरखडे काळे उमटतात. झाला नकाशा तयार. पण काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चित्रच चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. तिथे ही युक्ती चालत नाही.

मग सॉफ्टवेअर दुसरा नियम लावतं : जे एकाच फ्रेममध्ये आहे आणि मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये नाही, ते घाण. नियम चांगला आहे, पण त्याला जग कळत नाही. सुरुवातीच्या दिवसांत मी दिंडीचा एक प्रसंग रात्री मशीनवर लावून घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तर वारकऱ्यांच्या अंगावर उधळलेला बुक्का गायब. माणसं हात वर करून नुसतीच हवा उधळत होती! टाळांवरची चमकही गेलेली. सगळं परत घातलं. तेव्हापासून पाऊस, ठिणग्या, दागिने आणि गुलाल असलेला प्रत्येक शॉट आम्ही हातानेच करतो.

हाताने म्हणजे किती वेळ? एका फ्रेमला अर्धं मिनिट धरलं तरी २,१६,००० फ्रेमना १,८०० तास होतात. रोज आठ तास बसलं तर सव्वादोनशे दिवस. म्हणून चार-सहा जण मिळून बसतात, आणि म्हणूनच हे काम महाग पडतं.

चांगल्या ब्लू-रेवरही चित्रात बारीक दाणे दिसतात. ते साफ करायचे राहिले का?

ते दाणे म्हणजेच चित्र. ग्रेन हे फिल्मचं सूत आहे. खादी गुळगुळीत करायला गेलात तर ती खादी राहत नाही. ग्रेन घासून काढला की त्याबरोबर त्वचेची रंध्रं, केस, कापडाचा पोत सगळं जातं आणि नट मेणाच्या पुतळ्यासारखे दिसायला लागतात. मग हरवलेला तपशील परत आणल्याचा आव आणायला कडा धारदार करतात, त्याने माणसांभोवती पांढरी रेघ येते. दुकानात टीव्ही खरेदी करताना हे छान दिसतं. घरी दोन तास बघवत नाही.

एक करून पाहा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'नॉइज रिडक्शन', 'शार्पनेस' आणि 'मोशन स्मूदिंग' शून्यावर आणा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

एक प्रसंग विरून दुसरा येतो, तिथे चित्र अचानक खराब का होतं?

फार चांगला प्रश्न, आणि तुमची नजर चांगली आहे. डिझॉल्व्ह, फेड, चित्रावरची नावं, हे सगळं तेव्हा लॅबमध्ये दोन पट्ट्या एकावर एक छापून करत. म्हणजे निगेटिव्हमधला तेवढा तुकडा मुळातच नकलेची नक्कल असतो. बाकीचा शॉट लख्ख, आणि डिझॉल्व्ह आला की दाणे जाड. पहिल्या दिवशी पहिल्या खेळालाही तो फरक होताच. आम्ही तो थोडा मवाळ करतो, पुसत नाही.

पौराणिक चित्रपटांत ४केमध्ये दोऱ्या दिसतात. त्या काढता का?

यावर आमच्यातच भांडणं आहेत. देव आकाशातून उतरतो, बाण हवेत थांबतो, विमान निघतं, त्यामागे तार असते. दिग्दर्शकाला ठाऊक होतं की थिएटरच्या प्रिंटवर ती दिसणार नाही. आम्ही थेट निगेटिव्ह स्कॅन करतो म्हणून ती दिसायला लागते. काढणारे म्हणतात, प्रेक्षकाला जे दिसायचं नव्हतं ते दाखवायचं कशाला? न काढणारे म्हणतात, ती कारागिरी आहे, राहू द्या. माझं मत : तार प्रिंटवर दिसत नसेल तर अंधूक करावी, दिसत असेल तर हात लावू नये. जुनी प्रिंट शेजारी लावून हे ठरवता येतं.

कॅमेऱ्याच्या गेटमध्ये अडकलेला केस फ्रेमच्या कडेला वळवळताना दिसतो, तो मात्र मी ठेवतो. चित्रीकरणाच्या दिवशी तो तिथे होता. रीळ संपत आल्याची खूण म्हणून वर उजव्या कोपऱ्यात येणारे गोल ठिपके प्रिंटवर पाडलेले असतात, ते जातात. जुने ऑपरेटर त्यावर हळहळतात. तो ठिपका दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, एवढ्यावर त्यांची हयात गेलेली.

रंग मूळचे कसे होते हे कोण ठरवतं?

त्या काळच्या रंगीत प्रिंटा गुलाबी होतात. निळा-हिरवा रंग आधी उडतो, उरतो तो लालसर. त्यामुळे हातातली प्रिंट पुरावा म्हणून कुचकामी. छायालेखक हयात असेल तर त्याला आणून बसवायचं, याहून चांगला उपाय नाही.

'मंथन'चं उदाहरण घ्या. १९७६ चा श्याम बेनेगलांचा चित्रपट, गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये देऊन उभा केलेला, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याचं रिस्टोरेशन, म्हणजे हेच आमचं काम, केलं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या निगेटिव्हवर बुरशी होती, रंग उडाले होते. आवाजाची निगेटिव्ह वापरण्याजोगी नव्हती, म्हणून आवाज फाउंडेशनकडच्या एका प्रिंटवरून उचलला. आणि रंगांवर देखरेख केली मूळ छायालेखक गोविंद निहलानी यांनी. २०२४ च्या मेमध्ये तो कानच्या महोत्सवात दाखवला गेला. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी कॅमेऱ्यामागे असलेला माणूस "इथली धूळ इतकी पिवळी नव्हती" असं सांगू शकतो. हे सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत, आमची घाई त्यासाठीच असते.

काळे-पांढरे चित्रपट रंगीत का करत नाही?

कारण ते कृष्णधवलच चितारलेले आहेत. २००४ मध्ये 'मुगल-ए-आझम' रंगीत होऊन आला आणि चाललाही. कुणाला आवडला तर आवडो. पण ते नूतनीकरण झालं, त्याला रिस्टोरेशन म्हणू नये.

टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या का सोडता? पैसे पूर्ण टीव्हीचे दिलेत!

जुन्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौकोनी, १.३७ ला १. तुमचा टीव्ही १६ ला ९. पट्ट्या घालवायच्या तर वरून-खालून चित्राचा जवळजवळ चौथा भाग कापावा लागतो. तमाशातल्या लावणीत नेमके पाय जातात. ताणून भरलं तर सगळे नट जाडे. पट्ट्याच बऱ्या.

आवाजाचं काय करता?

आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या नक्षीत छापलेला असतो, तीही स्कॅनच होते. खरखर, टकटक, विजेची गुणगुण कमी करतो. कमी, नाहीशी नाही. जुना आवाज फार धुतला की 'स' आणि 'श' बोथट होतात आणि तंबोऱ्याची जवारी मरते. थोडी खरखर असू दिली तर कान दोन मिनिटांत विसरतो. मेलेली जवारी मात्र सतत खटकत राहते.

३५ एमएमच्या प्रिंटवर आवाज चित्राच्या सुमारे वीस फ्रेम पुढे छापलेला असतो. त्यामुळे रीळ तुटून जोडलं असेल तर चित्राची उडी आणि आवाजाची उडी एका जागी येत नाही, मध्ये जवळजवळ एक सेकंद असतो. दुसऱ्या प्रिंटवरून तेवढाच आवाज आणून शिवावा लागतो.

आणि एक विनंती. गाण्याच्या जागी रेकॉर्ड कंपनीचं स्वच्छ गाणं चिकटवा, असं निर्माते अधूनमधून सुचवतात. रेकॉर्डवरचं गाणं तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेलं असे. पडद्यावर कधी एक कडवं जास्त असतं, कधी चालच संथ असते. ओठ जुळत नाहीत, आणि चित्रपटाचं गाणं हरवतं ते वेगळंच.

रिस्टोरेशनमध्ये वेगळा शेवट कसा काय निघतो?

'शोले'मुळे सगळे हे विचारतात. मुळात ठाकूर गब्बरला मारतो असा शेवट चित्रित झाला होता. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने तो नाकारला, म्हणून पोलीस येतात असा शेवट नव्याने घेतला. २०२५ मध्ये रिस्टोअर केलेला चित्रपट बोलोन्याला दाखवला तो मूळ शेवटासह. असे तुकडे तेव्हाच सापडतात, जेव्हा कुणीतरी डबे फेकलेले नसतात. पण कापलेला प्रत्येक तुकडा परत घालायलाच हवा असं नाही. काही दिग्दर्शकानेच कापलेले असतात, विचार करून.

परदेशातून मागवलेली ब्लू-रे इथे चालेल का? आणि इथली मुलाकडे अमेरिकेत?

साध्या ब्लू-रेला बहुधा विभाग असतात, डिस्क आणि प्लेअर एकाच विभागाचे लागतात. भारत 'सी'त, अमेरिका 'ए'त, युरोप 'बी'त. डिस्कच्या कव्हरच्या पाठीवर बघून घ्या. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला विभागाची अट नसते.

डीव्हीडीपेक्षा आणखी एक फायदा आहे. आपली डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमने पळते, चित्रपट २४ चा. म्हणून डीव्हीडीवर चित्रपट चार टक्के जास्त वेगाने पळायचा आणि गाण्याचा सूर किंचित चढायचा. पेटीवर सूर जुळवून पाहणाऱ्यांनी हे पकडलेलं आहे. ब्लू-रे २४ वरच चालते.

इंटरनेटवर जुन्या गाण्यावर '४के' लिहिलेलं असतं, ते खरं का?

बहुतेक वेळा ती डीव्हीडीच असते, फुगवलेली.

एआयने हे सगळं एका रात्रीत होईल असं ऐकलं.

धूळ शोधायला, हलणारं चित्र स्थिर करायला ते मदत करतं, आम्हीही वापरतो. चेहऱ्यांपाशी थांबवतो. दूरच्या शॉटमध्ये नटीचा चेहरा दहा-बारा ठिपक्यांचा असेल तर एआय तिथे एक सुबक चेहरा काढून देतं. फक्त तो तिचा नसतो.

जुने मराठी चित्रपट ब्लू-रेवर इतके कमी का?

आधी वर सांगितलेली रिळांची रड. मग हक्क. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. त्यामुळे 'संत तुकाराम' (१९३६) किंवा 'कुंकू' (१९३७) यांचा चित्रपट म्हणून हक्क केव्हाच संपला. पण कायद्याने मोकळा म्हणजे हाताशी असलेला नव्हे. चांगलं रीळ ज्याच्या कपाटात, चावी त्याच्याकडे. नंतरच्या चित्रपटांत निर्माता गेलेला, तीन मुलं, दोन कोर्टकज्जे, आणि हक्काचा कागद कुणाकडे हे कुणालाच ठाऊक नाही. अशा एका घरी मी चार वेळा चहा प्यायलोय. कागद अजून सापडायचाय.

आणि गिऱ्हाईक. डिस्क विकत घेणारा मराठी माणूस पुण्या-मुंबईपेक्षा न्यू जर्सीत किंवा सिंगापुरात जास्त भेटतो. त्यांची मागणीही वेगळी असते : सबटायटल चांगली द्या, मुलांना अभंग कळत नाहीत. रास्त आहे. 'आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें' याखाली काहीतरी ओबडधोबड लिहिलेलं वाचून त्या मुलांना तुकाराम कसा कळावा?

आमच्या माळ्यावर आजोबांच्या टूरिंग टॉकीजची रिळं आहेत. काय करू?

आधी अभिनंदन. तंबूत फिरलेल्या प्रिंटांतून गहाळ गाणी सापडू शकतात, त्यामुळे 'फाटकी आहेत हो' म्हणून टाकू नका.

माळ्यावरून खाली काढा. पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टी. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या खोलीत ठेवा, डबे आडवे. आंबट वास येणारे डबे बाकीच्यांपासून दूर ठेवा. उन्हात वाळवू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, आणि प्रोजेक्टर चालू स्थितीत असला तरी "एकदा लावून बघू" हा मोह टाळा. आकसलेली फिल्म पहिल्याच दातावर फाटते.

१९५० च्या आधीची असतील किंवा फिल्मच्या कडेला इंग्रजीत 'नायट्रेट' छापलेलं दिसलं, तर तिथेच थांबा. देवघरापासून, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा, कुरिअरने पाठवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कळवा.

डब्याचं गंजलेलं झाकण बदललंत तरी चालेल, पण त्यावरचं लेबल जपा. आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा. त्यावर पेन्सिलीने 'रीळ ७, गाणं आहे' असं काही लिहिलेलं असेल तर तो फोटो आधी मला दाखवा.